सतरा गर्भारपणे आणि एक रिकामे सिंहासन

इंग्लंडच्या इतिहासात राणी ॲनचे नाव दोन कारणांसाठी घेतले जाते. तिच्या कारकिर्दीत, १७०७ साली, इंग्लंड आणि स्कॉटलंड यांचे मिळून ग्रेट ब्रिटन हे एक राज्य झाले, हे पहिले कारण. दुसरे असे की, सतरा वेळा दिवस जाऊनही तिच्या मागे एकही मूल उरले नाही आणि ब्रिटनचे सिंहासन जर्मनीतल्या हॅनोव्हर घराण्याकडे गेले. इतिहासकारांना पहिली गोष्ट मोठी वाटते. माझ्यासारख्या डॉक्टरचे लक्ष दुसरीकडे जाते. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जुने कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चार-चार गर्भपात झालेली बाई खाली मान घालून बसलेली असते. तिच्या वतीने बहुधा सासूबाईच बोलतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या राणीचे दुखणे आणि या बाईचे दुखणे एकच असू शकते, म्हणून आज राणी ॲनची गोष्ट.

ॲनचा जन्म ६ फेब्रुवारी १६६५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स राजवाड्यात झाला. तिचे वडील जेम्स हे राजा दुसरा चार्ल्स याचे धाकटे भाऊ. या चार्ल्सशी मुंबईचा जुना संबंध आहे. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्याशी त्याचे लग्न ठरले तेव्हा १६६१च्या करारात मुंबई बेट त्याला हुंड्यात मिळाले आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकले. चार्ल्स आणि कॅथरिन यांनाही मूल झाले नाही. कॅथरिनचेही गर्भपात झाले होते. राजाला औरस वारस नसल्यामुळे गादी भावाकडे आणि पुढे भावाच्या मुलींकडे जाणार, हे हळूहळू स्पष्ट होत गेले. या मुलींत थोरली मेरी आणि धाकटी ॲन.

ॲन लहानपणापासून अशक्त होती. तिच्या डोळ्यांतून सतत पाणी येई. उपचारासाठी तिला फ्रान्सला आजीकडे पाठवले. तिथे आजी वारली, मग जिच्याकडे ती राहिली ती आत्याही वारली. पाच वर्षांची ॲन इंग्लंडला परत आली आणि वर्षभरात आईही गेली. डोळ्यांचा त्रास कायम राहिला. दूरचे नीट दिसत नसल्याने ती डोळे बारीक करून पाही आणि त्यामुळे तिचा चेहरा त्रासिक वाटे. लोकांनी तो तिचा स्वभाव समजला.

२८ जुलै १६८३ रोजी डेन्मार्कचा राजपुत्र जॉर्ज याच्याशी तिचे लग्न झाले. राजघराण्यातली लग्ने राजकारणाच्या सोयीने होत, तसेच हेही झाले. पण या दोघांचे खरोखरच जमले. जॉर्ज शांत, खाण्यापिण्याचा शौकीन आणि बायकोशी एकनिष्ठ होता. त्या काळच्या राजदरबारात हे विरळाच.

लग्नाला वर्ष व्हायच्या आत, मे १६८४ मध्ये, ॲनला मृत मुलगी झाली. पहिलटकरणीचे असे होते, म्हणून सगळ्यांनी समजूत घातली. जून १६८५ मध्ये मेरी झाली आणि मे १६८६ मध्ये ॲन सोफिया. दोन्ही मुली जिवंत होत्या. घर भरल्यासारखे झाले. मग १६८७ चा हिवाळा आला. जानेवारीत ॲनचा गर्भपात झाला. त्याच सुमारास घरात देवीची साथ शिरली. नवरा आजारी पडला, दोन्ही मुली आजारी पडल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सहा दिवसांच्या अंतराने, दोन्ही मुली गेल्या. नवरा वाचला. वयाच्या बाविसाव्या वर्षी ॲनने एका महिन्यात एक गर्भ आणि दोन लेकी गमावल्या होत्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मृत मुलगा झाला. एप्रिल १६८८ मध्ये पुन्हा गर्भपात. दोन महिन्यांनी तिच्या सावत्र आईला मुलगा झाला. वडील तोवर राजे झाले होते आणि कॅथलिक होते. त्यांना कॅथलिक वारस मिळाल्याने प्रॉटेस्टंट इंग्लंड हादरले. हे मूल खरे नाही, बाहेरून आणून ठेवले आहे, अशी कुजबूज सुरू झाली आणि ॲननेही त्यावर विश्वास ठेवला. त्या वर्षाअखेरीस क्रांती झाली. वडील फ्रान्सला पळाले, थोरली बहीण मेरी आणि तिचा नवरा विल्यम गादीवर आले. ॲनने वडिलांची बाजू सोडली होती.

२४ जुलै १६८९ रोजी ॲनला मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम, पदवी ड्यूक ऑफ ग्लॉस्टर. तो जगला. बहीण मेरीला मूल नव्हते, त्यामुळे साऱ्या देशाची आशा या एका मुलावर होती. पण त्याची प्रकृती पहिल्यापासून नाजूक. लहानपणीच त्याला झटके आले. त्याचे डोके वयाच्या मानाने मोठे होते, चालताना तोल जाई, जिना चढताना हात धरावा लागे. मेंदूत पाणी साठण्याचा विकार त्याला असावा, असे आज वर्णन वाचून वाटते. तरी मुलगा हुशार आणि खेळकर होता. मुलांची छोटी पलटण उभी करून तो कवायत घ्यायचा.

विल्यमनंतर ॲनला आणखी दहा वेळा दिवस गेले. ऑक्टोबर १६९० मध्ये मुलगी झाली, दोन तास जगली. एप्रिल १६९२ मध्ये मुलगा झाला, काही मिनिटे जगला. १६९३ मध्ये मृत मुलगी. १६९४ मध्ये पुन्हा मृत मूल. १६९६ आणि १६९७ या दोन वर्षांत मिळून चार गर्भपात. १६९८ मध्ये मृत मुलगा. जानेवारी १७०० मध्ये आणखी एक मृत मुलगा. हे तिचे शेवटचे गर्भारपण. तिचे वय तेव्हा पस्तिशीच्या उंबरठ्यावर होते.

हिशेब मांडू. सतरा गर्भारपणांत सहा गर्भपात, सहा मृत बाळे आणि पाच जिवंत जन्म. त्या पाचांपैकी दोन काही तासांतच गेली, दोन देवीने गेली आणि एक उरला. जुलै १७०० मध्ये त्याचा अकरावा वाढदिवस विंडसरला थाटात झाला. त्या रात्री त्याला थकवा वाटला, मग ताप चढला. डॉक्टरांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्त काढले. ३० जुलैला तो गेला. आई-बाप दोघेही शेजारी होते.

देवाची इच्छा की आईचा दोष?

त्या काळी याला कारण दोनच. देवाची इच्छा किंवा आईचे काहीतरी चुकले. ॲन घोड्यावर बसली, ॲनने फार खाल्ले, ॲनने नीट विश्रांती घेतली नाही, असे तर्क झाले. तिने विश्रांती घेतली, बाथच्या औषधी झऱ्यांवर जाऊन पाणी प्यायली, डॉक्टर सांगतील ते सगळे केले. तिच्या काळचा सर्वांत नावाजलेला डॉक्टर जॉन रॅडक्लिफ याने तर तिचे दुखणे म्हणजे नुसते मनाचे खेळ आहेत असे ठरवले आणि त्यामुळे तो तिच्या मर्जीतून उतरला. आजही वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला जड उचललेस का, पपई खाल्लीस का, कुठे जाऊन आलीस, असे विचारले जाते. साडेतीनशे वर्षांत प्रश्न फारसे बदललेले नाहीत.

आजच्या वैद्यकशास्त्राने मात्र तिच्या दुखण्याचा नव्याने विचार केला आहे. पहिला संशय साहजिकच रक्तगटाच्या विसंगतीवर, म्हणजे आर-एच दोषावर गेला. पण या दोषात बहुधा पहिली मुले वाचतात आणि नंतरची जातात, शिवाय सुरुवातीच्या महिन्यांतले गर्भपात त्याने होत नाहीत. ॲनचे पहिलेच मूल मृत झाले, पुढची दोन जगली, मध्ये गर्भपात झाले आणि सातव्या खेपेचा विल्यम जिवंत जन्मला. हा क्रम आर-एच दोषात बसत नाही. मधुमेह, ओटीपोटातला जंतुसंसर्ग अशाही शक्यता मांडल्या गेल्या. १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका लेखात तिला ल्युपस असावा, असे मत मांडले गेले. त्याच दिशेने पुढे जाऊन अनेकांनी अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या आजाराचे नाव घेतले. नाव अवघड आहे, पण आजार समजायला तितका अवघड नाही.

आपलेच सैनिक, आपल्याच घरावर

आपल्या शरीरात जंतूंशी लढायला प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार होतात. कधी कधी त्यांचा नेम चुकतो आणि ती आपल्याच शरीरातल्या घटकांना परके समजतात. ल्युपस, ऱ्हुमॅटॉइड संधिवात हे आजार असेच होतात. ल्युपस पुरुषांपेक्षा स्त्रियांत साधारण नऊपट आढळतो आणि ऐन तारुण्यात सुरू होतो. ल्युपसच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये आणखी एका प्रकारची प्रतिपिंडे सापडतात. काहींमध्ये ल्युपस नसतानाही ती असतात. त्यांना अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी म्हणतात.

फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ आपल्या प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो. रक्तात बीटा-२-ग्लायकोप्रोटीन नावाचे एक प्रथिन फिरत असते, ते या फॉस्फोलिपिडला चिकटते. चुकार प्रतिपिंडे मुख्यतः या प्रथिनाला पकडतात. एरवी रक्तवाहिनीचे अस्तर गुळगुळीत असते आणि रक्त गोठू देत नाही. ही प्रतिपिंडे तिथे बसली की अस्तराच्या पेशी चिडतात आणि रक्त गोठवणारी द्रव्ये पुढे करतात. प्लेटलेट एकमेकींना चिकटू लागतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही गोठण्याच्या क्रियेला चालना देतात. जखम नसताना शरीर जखम झाल्यासारखे वागू लागते आणि गुठळी तयार होते.

मात्र प्रतिपिंडे असली म्हणून रोज गुठळ्या होत नाहीत. बहुधा दुसरे एखादे निमित्त लागते. शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, बराच काळ अंथरुणाला खिळणे, धूम्रपान, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा गर्भारपण. म्हणूनच एखादी बाई वर्षानुवर्षे ठणठणीत असते आणि बाळंतपणानंतर अचानक तिचा पाय सुजतो किंवा पस्तिशीत तिला लकवा मारतो.

गर्भारपणात या प्रतिपिंडांचा हल्ला वारेवर होतो. वार, म्हणजे प्लासेंटा, हे आई आणि बाळ यांच्यामधले देवाणघेवाणीचे ठिकाण. तिच्या पेशींच्या पृष्ठभागावर फॉस्फोलिपिड भरपूर असते. प्रतिपिंडे तिथे बसल्यावर वार नीट रुजत नाही, तिला सूज येते, काही वेळा तिच्यात गुठळ्याही होतात. बाळाला मिळणारा रक्तपुरवठा कमी पडतो. कधी पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होतो. कधी बाळ पोटात सहा-सात महिने वाढते आणि मग हालचाल थांबते. कधी आईचा रक्तदाब इतका चढतो की बाळ दिवसांआधीच काढावे लागते. राणी ॲनच्या यादीतले लवकरचे गर्भपात आणि पूर्ण वाढ झालेली मृत बाळे, दोन्ही या एका आजारात बसतात.

गायीच्या हृदयातून लागलेला शोध

या आजाराचा माग काढायला तिच्यानंतर पावणेतीनशे वर्षे गेली आणि सुरुवात भलत्याच आजारापासून झाली. १९०६ साली जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट फॉन वासरमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिफिलिस ओळखण्याची रक्तचाचणी शोधली. या चाचणीत पुढे गायीच्या हृदयाचा अर्क वापरला जाऊ लागला. १९४१ साली मेरी पँगबॉर्न या अमेरिकन संशोधिकेने त्या अर्कातला नेमका घटक वेगळा केला. हृदयातून निघाला म्हणून त्याला कार्डिओलिपिन असे नाव मिळाले. तो एक फॉस्फोलिपिडच होता.

चाचणी सर्रास होऊ लागली तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. सिफिलिस अजिबात नसलेल्या काही लोकांची चाचणी वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह येई. त्यात तरुण स्त्रिया बऱ्याच असत आणि त्यांतल्या काहींना पुढे ल्युपस होई. एका चुकीच्या अहवालाने किती संसार हादरले असतील, याची कल्पनाच करावी. व्हीडीआरएल या आजच्या चाचणीतही कार्डिओलिपिनच असते आणि आजही असा खोटा पॉझिटिव्ह येतो, हे नवराबायकोंनी आणि डॉक्टरांनीही लक्षात ठेवावे.

१९५२ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे कॉनली आणि हार्टमन या डॉक्टरांनी ल्युपसच्या दोन रुग्णांचे वर्णन केले. त्यांचे रक्त परीक्षानळीत गोठायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. पुढे या घटकाला ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे गोठण्याला विरोध करणारा, असे नाव पडले. पण अशा रुग्णांत रक्तस्रावाऐवजी गुठळ्याच जास्त दिसू लागल्या. कोडे असे सुटते. नळीतली चाचणी चालण्यासाठी त्यात फॉस्फोलिपिड घालावे लागते. प्रतिपिंडे तेच अडवून धरतात, म्हणून नळीत गोठायला वेळ लागतो. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडे पेशींना चिथावतात आणि गुठळी होते. नाव चुकीचे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण रुळलेले नाव सुटत नाही.

१९८३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मोजण्याची संवेदनशील पद्धत बसवली आणि पायातल्या गुठळ्या, तरुण वयातला लकवा, वारंवार गर्भपात या वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका धाग्यात ओवल्या. या आजाराला ह्यूज सिंड्रोम असेही म्हणतात ते यामुळे.

खुर्चीत बसून राज्य

आता पुन्हा ॲनकडे. थोरली बहीण मेरी १६९४ साली देवीने वारली. मेरीचा नवरा विल्यम ८ मार्च १७०२ रोजी गेला आणि ॲन राणी झाली. वय सदतीस. तोवर तिचे सांधे निकामी होत आले होते. २३ एप्रिलला राज्याभिषेक झाला तेव्हा तिला चालता येत नव्हते, म्हणून वेस्टमिन्स्टर ॲबेत पालखीसारख्या खुर्चीतून उचलून नेले गेले.

डॉक्टर या दुखण्याला गाउट म्हणत. इथेही आजचा डॉक्टर थबकतो. गाउट हा प्रामुख्याने पुरुषांचा आजार, स्त्रियांना झाला तर तो बहुधा पाळी गेल्यानंतर होतो. ॲनला तिशीतच सांधेदुखी जडली होती. एका स्कॉटिश पाहुण्याने दुखणे उसळलेले असताना तिला पाहिले होते, तिचा चेहरा लाल आणि डागाळलेला असल्याची नोंद त्याने केली आहे. सांधेदुखी, चेहऱ्यावर लाली, वारंवार गर्भपात, या तीन गोष्टी घेऊन एखादी तरुण बाई आज आली तर मी आधी ल्युपसच्या चाचण्या लिहून देईन.

पण ही बाई राज्य करत होती. ब्लेनहाइमची लढाई, स्कॉटलंडशी एकीकरण, दोन पक्षांतली रोजची भांडणे, हे सगळे तिने रेटले. मंत्रिमंडळाच्या बैठकांना ती स्वतः बसे. विंडसरच्या रानात एका घोड्याची गाडी स्वतः हाकत शिकारीमागे जाई. राजाच्या स्पर्शाने गळ्याच्या गाठी बऱ्या होतात, अशी जुनी समजूत होती. १७१२ साली तिने स्पर्श केलेल्या रुग्णांत अडीच वर्षांचा एक मुलगा होता, पुढे इंग्रजी शब्दकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेला सॅम्युअल जॉन्सन. स्पर्शाने त्याला काही गुण आला नाही. हा विधी करणारी ती ब्रिटनची शेवटची शासक. स्वतःच्या पायावर उभे राहता न येणारी बाई दिवसचे दिवस रांगेतल्या रोग्यांवर हात ठेवत होती.

२८ ऑक्टोबर १७०८ रोजी नवरा जॉर्ज गेला आणि ती एकटी पडली. जिवलग मैत्रीण सारा चर्चिल हिच्याशी बेबनाव झाला. १७१३च्या नाताळात ती तापाने मरणाच्या दारी जाऊन आली. जुलै १७१४ मध्ये मंत्र्यांची भांडणे विकोपाला गेली. ३० जुलैला, मुलाच्या चौदाव्या स्मृतिदिनी, तिची वाचा गेली. हा मेंदूचा झटका होता. डॉक्टरांनी पुन्हा रक्त काढले, कातडीवर फोड उठवले. १ ऑगस्टच्या सकाळी ती गेली. वय एकोणपन्नास. १७०१च्या कायद्याने पन्नासहून अधिक कॅथलिक नातलगांना वगळून गादी हॅनोव्हरच्या सोफियाच्या वंशाला दिली होती. सोफिया स्वतः दोन महिने आधीच वारली होती, म्हणून तिचा मुलगा जॉर्ज राजा झाला.

पन्नाशीच्या आतला तो झटकाही गुठळीचाच होता का? असू शकेल. पण इथे हात आखडता घ्यावा लागतो. तिची कोणतीही रक्तचाचणी आपल्या हाती नाही. ती लठ्ठ होती, हालचाल नव्हती, रक्तदाबाचीही शक्यता आहे. विल्यमच्या डोक्यातले पाणी या आजाराने समजावता येत नाही, आणि दोन लेकी तर देवीने गेल्या. मेलेल्या माणसाचे निदान करणे सोपे असते, कारण चुकले तरी रुग्ण तक्रार करत नाही. म्हणून एवढेच म्हणू की, लिहून ठेवलेल्या लक्षणांशी हे निदान इतर अनेक निदानांपेक्षा जास्त जुळते.

आज ती ओपीडीत आली असती तर

जिवंत बाईचे निदान मात्र करता येते. त्यासाठी रक्ताच्या तीन चाचण्या लागतात. ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह येऊन भागत नाही. साध्या जंतुसंसर्गानंतरही ही प्रतिपिंडे थोडे दिवस दिसतात, म्हणून किमान बारा आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी लागते. पहिल्या कागदावरच आयुष्यभराचा शिक्का मारून घेऊ नये.

चाचणी कोणी करावी? एखादा गर्भपात झाला म्हणून लगेच नाही. सुरुवातीचे बहुतेक गर्भपात गर्भातल्या गुणसूत्रांच्या चुकीमुळे होतात, त्यात कोणाचाच दोष नसतो. पण लागोपाठ तीन गर्भपात झाले, दहा आठवड्यांनंतर नीट वाढलेला गर्भ अचानक गेला, किंवा फार लवकर रक्तदाब वाढून चौतीस आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागली, तर डॉक्टरांना या आजाराबद्दल जरूर विचारावे. दोन गर्भपातांनंतरही अनेक डॉक्टर तपासणी सुरू करतात. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण दहा-पंधरा टक्क्यांमध्ये ही प्रतिपिंडे सापडतात. तसेच तरुण वयात कारण नसताना पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली किंवा लकवा मारला, तर स्त्री असो वा पुरुष, ही तपासणी व्हायला हवी.

आणि उपाय आहे. गर्भारपणात कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी आणि हेपॅरिनचे इंजेक्शन. १९९७ साली लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे वारंवार गर्भपात झालेल्या नव्वद स्त्रिया होत्या. नुसत्या ॲस्पिरिनवर बेचाळीस टक्के स्त्रियांना जिवंत मूल झाले, जोडीला हेपॅरिन दिल्यावर एकाहत्तर टक्क्यांना. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत फरक इतका मोठा दिसला नाही, तरी आज जगभर हीच पद्धत वापरली जाते. हेपॅरिन वारेतून बाळाकडे जात नाही. पोटावर टोचायचे हे इंजेक्शन बायका घरीच घ्यायला शिकतात, पहिल्या दिवशी हात कापतो, आठवड्याने सवय होते.

ज्यांना एकदा गुठळी होऊन गेली आहे त्यांना सहसा वॉरफरिनची गोळी दीर्घकाळ, अनेकदा जन्मभर, घ्यावी लागते आणि आयएनआर ही तपासणी नियमित करावी लागते. तपासणी नको म्हणून नव्या प्रकारच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. तिन्ही चाचण्या पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत त्या कमी पडतात असे दिसले आहे. वॉरफरिन घेणाऱ्या बाईला दिवस राहिले तर ताबडतोब डॉक्टरांना गाठावे, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे आणि तिच्या जागी हेपॅरिन द्यावे लागते. उलट, एकही चाचणी न करता प्रत्येक गर्भपाताला हेपॅरिनची इंजेक्शने देणेही योग्य नाही. ती महाग असतात, त्यांनी रक्तस्रावाचा धोका असतो आणि आजार नसेल तर उपयोगही नसतो.

आणखी एक साधी गोष्ट. आधीच्या प्रत्येक गर्भपाताचे कागद, सोनोग्राफीचे अहवाल, किती आठवड्यांना काय झाले याची नोंद जपून ठेवा. राणी ॲनच्या आजाराचा विचार आज आपण करू शकतो तो तिच्या दरबाऱ्यांनी तारखा लिहून ठेवल्या म्हणून. तिच्या डॉक्टरांकडे तारखा होत्या, ज्ञान नव्हते. आज ज्ञान आहे, पण कागद अर्धवट असतात. पिशवीतले ते चुरगळलेले कागद घेऊन बसलेल्या बाईला मी एवढेच सांगतो की, बाई, आधी मान वर करा. तुमचे काही चुकलेले नाही. आधी रक्त तपासू.